लोगोचे फाइल फॉरमॅट

लोगो एकदा काढला जातो आणि मग वर्षानुवर्षे वापरला जातो : लेटरहेडवर, व्हिजिटिंग कार्डावर, दुकानाच्या पाटीवर, गणवेशाच्या खिशावर, वेबसाइटच्या कोपऱ्यात. प्रत्येक ठिकाणी त्याची फाइल वेगळ्या प्रकारची लागते. चित्राची माहिती संगणकात कशी साठवायची याचा ठरलेला नियम म्हणजे फाइल फॉरमॅट. जेपीजी, पीएनजी, एसव्हीजी, ईपीएस, पीडीएफ, सीडीआर ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावे. नावे पुष्कळ असली तरी कळीचा प्रश्न एकच असतो : फाइलच्या आत ठिपके साठवले आहेत की रेषा?

ठिपके आणि रेषा

पहिल्या प्रकारात चित्राचे बारीक चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाचा रंग नोंदवला जातो. या तुकड्यांना पिक्सेल म्हणतात. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्श यांच्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घेतला. ते चित्र १७६ बाय १७६ पिक्सेलचे होते. आजचा मोबाइल कॅमेरा कोट्यवधी पिक्सेल टिपतो, पण पद्धत तीच आहे. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या की १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा मिळतात, म्हणून फोटोसाठी ही पद्धत उत्तम.

दुसऱ्या प्रकारात चित्र कसे काढायचे याची माहिती साठवली जाते : कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत रेषा, तिला किती वळण, आत कोणता रंग. याला व्हेक्टर म्हणतात. वळणांचे हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले आहे. मोटारीच्या पत्र्याचे वळण नेमके कसे सांगायचे, या प्रश्नावर फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात काम केले. कास्टेल्जो यांचे काम कंपनीने गुपित ठेवले, त्यामुळे ही वळणे ‘बेझिए कर्व्ह’ याच नावाने ओळखली जातात.

भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह डोळ्यांसमोर आणावे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ मध्ये ते केले. निळी चकती, मधोमध लहान पांढरे वर्तुळ आणि तिथून खाली गेलेली सरळ फट. व्हेक्टरमध्ये ही दोन वर्तुळे आणि एक आयत झाला. मजकूर चार-पाच ओळींचा, फाइल एका किलोबाइटच्या आतली. तेच चिन्ह हजार बाय हजार पिक्सेलमध्ये, काहीही न आकुंचवता साठवले तर ३० लाख बाइट लागतात आणि मोठे केल्यावर कड करवतीसारखी दिसते ती वेगळीच. व्हेक्टरमधले वर्तुळ मात्र पोस्टाच्या तिकिटावर आणि इमारतीच्या भिंतीवर तितकेच गोल राहते. म्हणून लोगोची मूळ प्रत व्हेक्टरच असली पाहिजे. बाकीच्या सगळ्या फाइली तिच्यापासून काढायच्या असतात. उलट दिशेने जाता येत नाही असे नाही, पण तो मार्ग महाग आणि सदोष असतो.

‘लोगो फाटतोय’ ही छपाईच्या दुकानातली रोजची तक्रार या हिशेबातून येते. वेबसाइटवरून उतरवलेला ३०० पिक्सेल रुंदीचा लोगो दहा फुटी फ्लेक्सवर पसरला, तर १२० इंचांत ३०० पिक्सेल, म्हणजे इंचाला अडीच. एकेक पिक्सेल सुमारे एक सेंटिमीटरचा होतो आणि रस्त्यापलीकडून मोजता येतो.

जेपीजी, जिफ, पीएनजी

जेपीजी हा फोटोसाठी बनलेला फॉरमॅट. त्याचे मानक १९९२ मध्ये आले. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देतो. त्यामागचे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. आकाश, चेहरे, झाडी यांच्या फोटोत टाकलेले बारकावे खरोखरच कळत नाहीत. लोगोत मात्र सपाट रंग आणि धारदार कडा असतात, आणि नेमक्या तिथेच जेपीजी उघडा पडतो. पांढऱ्यावर लाल अक्षरे असलेला लोगो जेपीजीत ठेवून स्क्रीनवर चौपट मोठा करावा : अक्षरांभोवती राखाडी-गुलाबी किटण दिसते आणि लाल रंग कडेबाहेर ओघळल्यासारखा वाटतो, कारण बहुतेक जेपीजींत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलाने साठवलेली असते. बदल करून दर वेळी पुन्हा जेपीजीत सेव्ह केले की किटण वाढत जाते. शिवाय जेपीजीला पारदर्शक पार्श्वभूमी ठाऊक नाही. रंगीत पट्टीवर ठेवलेल्या लोगोमागे पांढरा चौकोन दिसतो तो यामुळे.

जिफ १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने आणला. त्यात एका चित्रात २५६ रंगच मावतात. त्यातील माहिती आकुंचवण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्यासाठी परवाना शुल्काची मागणी पुढे आली, तेव्हा इंटरनेटवरच्या प्रोग्रॅमरांनी एकत्र येऊन पेटंटमुक्त पर्याय तयार केला. तोच पीएनजी, १९९६ चा. सार्वजनिक उपयोगासाठी आपणहून केलेल्या कामाचे याहून चांगले उदाहरण चित्रांच्या क्षेत्रात क्वचितच सापडेल. पीएनजी माहिती आकुंचवतो, पण एकही पिक्सेल बदलत नाही, आणि प्रत्येक पिक्सेल किती पारदर्शक हेही साठवतो. स्क्रीनवरच्या लोगोसाठी तो भरवशाचा आहे. ऑफसेट छपाईला लागणारे चार रंग मात्र त्याला सांगता येत नाहीत.

छपाईसाठी

स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाने रंग दाखवते; छपाई निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाईंनी रंग उमटवते. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा गडद निळा कागदावर मळकट उतरतो, तेव्हा पुष्कळदा प्रेसची चूक नसते. तो रंग त्या चार शाईंच्या आवाक्याबाहेरचाच असतो. लोगोचा रंग ठरवतानाच त्याचे चार शाईंतले प्रमाण लिहून ठेवावे आणि रंग अगदी नेमका हवा असेल तर खास मिसळलेल्या शाईचा, म्हणजे स्पॉट कलरचा, क्रमांक नोंदवावा.

काळ्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. स्क्रीनवरचा काळा चार शाईंत बदलला की तो चारही शाईंचे मिश्रण होतो. यंत्रावर एखाद्या शाईची प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, केसभर सरकली तरी बारीक अक्षराच्या कडेने रंगीत सावली पडते. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका, रफार, ऋकाराची शेपटी हे भाग इतके लहान असतात की ते भरून जातात किंवा दुहेरी दिसतात. बारीक मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईतच असावा.

छपाईसाठी चालणारे व्हेक्टर फॉरमॅट अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या १९८४ च्या पृष्ठवर्णन भाषेतून निघाले. ईपीएस तिचाच अवतार. तो बराच काळ प्रेसची बोली होता. पारदर्शक छटा त्याला जमत नाहीत, म्हणून आता मागे पडला. १९९३ मध्ये पीडीएफ आला, २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. छपाईसाठी त्याचा पीडीएफ-एक्स हा शिस्तबद्ध प्रकार आहे. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात. फोटो असलेल्या कामात १९८६ पासूनचा टिफही चालतो. तो जड असतो, पण चार रंग नीट सांभाळतो.

महाराष्ट्रात लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि पावतीपुस्तके छापणाऱ्या दुकानांचा कारभार मोठ्या प्रमाणात कोरलड्रॉ या व्हेक्टर चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतो. ते १९८९ मध्ये कॅनडातील कोरल कंपनीने आणले. दुकानदार ‘ओपन फाइल द्या’ म्हणतो तेव्हा त्याला सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची स्वतःची फाइल, किंवा बदल करता येणारी पीडीएफ हवी असते. नव्या आवृत्तीतली सीडीआर जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, हा नेहमीचा अडथळा. जुन्या आवृत्तीत सेव्ह करून देणे हा त्यावरचा साधा उपाय.

पिक्सेल फाइलच द्यायची असेल तर प्रत्यक्ष मापाला इंचामागे ३०० पिक्सेल धरतात. साडेतीन बाय दोन इंचांच्या कार्डाला १०५० बाय ६०० पिक्सेल पुरतात; चहूबाजूंनी कापण्यासाठी ३ मिलिमीटरचे ब्लीड, म्हणजे कडेबाहेर वाढवलेला छापील भाग, वेगळे. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने ७२ किंवा त्याहून कमीही चालते. फाइलमधला ७२ चा आकडा नुसता ३०० केला आणि पिक्सेलची संख्या तेवढीच ठेवली, तर काहीच सुधारत नाही. तो आकडा म्हणजे फक्त किती मापात छापायचे याची सूचना असते.

देवनागरी अक्षरांचा प्रश्न

मराठी लोगोत बहुधा अक्षरे असतातच. व्हेक्टर फाइलमध्ये ती मजकूर म्हणून राहिली तर दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट असावा लागतो. नसला की वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरे तुटतात. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतप्रणालीपूर्वीच्या पद्धतीच्या फॉन्टांत स्थिती आणखी वाईट : तिथे देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘श्री गणेश’ऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. प्रेसमध्ये ‘कर्व्ह करून पाठवा’ सांगतात ते यासाठी. कर्व्ह केले की अक्षर निव्वळ आकार बनते. फॉन्टची गरज संपते, तसेच ते पुन्हा टाइप करून सुधारण्याची सोयही संपते. म्हणून दोन प्रती ठेवाव्यात : एक मजकुरासह, एक कर्व्ह केलेली. शुद्धलेखन कर्व्ह करण्याआधी तपासावे.

वेबसाठी

वेबवर लोगोची पहिली पसंती एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये ते मानक म्हणून जाहीर केले. ही खरे तर साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून रंग बदलता येतो. मोबाइलच्या बारीक पडद्यावर आणि मोठ्या मॉनिटरवर ती सारखीच रेखीव दिसते. अडचणी दोन. तिच्यात प्रोग्रॅमचा कोडही लपवता येतो, म्हणून वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचे सॉफ्टवेअर ती आपणहून स्वीकारत नाही. आणि ईमेलमध्ये किंवा समाजमाध्यमांवर दुव्यासोबत दिसणाऱ्या चित्रात ती चालेलच असे नाही. तिथे पीएनजी द्यावा.

वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला, एव्हीआयएफ २०१९ चा. दोन्ही फोटो कमी जागेत बसवतात आणि पारदर्शकताही सांभाळतात, म्हणून संकेतस्थळ लवकर उघडायला मदत होते. छपाईला त्यांचा उपयोग नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फोटो म्हणून पाठवले की ते लहान होऊन जेपीजीत जाते. पारदर्शकता जाते आणि कडा बिघडतात. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. छोट्या गावांतला छपाईचा व्यवहार आज बराचसा व्हॉट्सअ‍ॅपवर होतो, त्यामुळे ही एवढी सवय पुष्कळ नुकसान वाचवते.

कापणे आणि शिवणे

गाड्यांवरच्या अक्षरांसाठी जे रेडियम कटिंग करतात, त्यात यंत्राचे पाते रेषेच्या मागे फिरते. पिक्सेल चित्रात रेषाच नसते, म्हणून त्या यंत्राला व्हेक्टर लागतेच. लेझर कटिंगवाले बहुतेक डीएक्सएफ हा व्हेक्टर फॉरमॅट मागतात. शाळेच्या गणवेशावर लोगो भरताना वेगळीच फाइल लागते : ताजिमा या जपानी कंपनीच्या डीएसटी फॉरमॅटमध्ये सुई कुठून कुठे जाईल ते टाका-टाका करून साठवलेले असते. ती फाइल जाणकाराकडून बनवून घ्यावी लागते, कारण टाक्यांची दिशा आणि दाटपणा कापड पाहून ठरवावा लागतो.

फाइल पारखताना

फाइलच्या नावामागची अक्षरे बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. जेपीजी चित्र अडोबीच्या इलस्ट्रेटर या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये चिकटवून ‘एआय’ किंवा ‘पीडीएफ’ म्हणून सेव्ह केले तरी आत ठिपकेच राहतात; एसव्हीजीच्या आतही पीएनजी दडवता येतो. तपासणी सोपी आहे. फाइल सोळापट मोठी करून वळणाची कड पाहावी. पायऱ्या दिसल्या तर ती व्हेक्टर नव्हे. डिझायनरला शेवटचे पैसे देण्यापूर्वी ही तपासणी करावी आणि मूळ व्हेक्टर, कर्व्ह केलेली पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पीएनजी, एकरंगी काळी आणि पांढरी प्रत, रंगांचे आकडे, वापरलेल्या फॉन्टचे नाव असे सगळे ताब्यात घ्यावे. एकरंगी प्रत बहुतेक जण मागायला विसरतात आणि रबरी शिक्का करायला गेल्यावर ती आठवते.