पोक वेगळं, पीळ वेगळा

पोक काढून बसणारं मूल कुणालाही ओळखू येतं. "ताठ बस" म्हटलं की दोन मिनिटं ताठ, मग पुन्हा तेच. ती सवय आहे, त्यावर शब्द घालवत नाही.

पण शाळेतल्या तपासणीत त्याच रकान्यात स्कोलिओसिसही, म्हणजे कणा बाजूला वाकण्याचा विकारही, कोंबतात आणि शेरा मारतात, 'दप्तराचं ओझं कमी करा'. दप्तर हलकं हवंच. केंद्राच्या 2020च्या दप्तर धोरणातही मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र दप्तराने स्कोलिओसिस होत नाही. बहुतेक मुलांत त्याचं नेमकं कारण सापडतच नाही.

खरी गोम पिळात आहे. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही. मणके स्वतःभोवती फिरतात आणि बरगड्यांनाही सोबत ओढतात. मूल उभं असताना हे बेमालूम लपतं. म्हणून लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाची, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली वाकवून बघायची तपासणी. पाय जुळलेले, गुडघे ताठ, तळहात एकमेकांना लावलेले. मुलाने कमरेतून वाकायचं आणि आपण मागे उकिडवं बसून पाठ नजरेच्या रेषेत आणायची. सवयीचा बाक असेल तर दोन्ही बाजू सारख्या. पीळ असेल तर एका बाजूच्या बरगड्या चादरीखाली मूठ ठेवावी तशा वर येतात. एक पाय आखूड असला तरी कणा वाकडा दिसतो. मुलाला स्टुलावर बसवा, तो बाक जातो.

आणि हे शर्टावरून बघू नका! शिबिरात गणवेश न काढता रांग पुढे सरकताना पाहिली की माझं डोकं फिरतं. मुली लाजतात, बरोबरच आहे. मग पडदा लावा, बाईंना उभं करा, मागून उघडा गाऊन द्या. सातवीतल्या एका मुलीच्या पिनोफ्रॉकचा एकच पट्टा सारखा घसरायचा. वर्षभर सगळे तिलाच "नीट उभी राहा" म्हणत होते. वाकवल्यावर उजवीकडचा उंचवटा स्पष्ट दिसला. दुखत काहीच नव्हतं, सहसा दुखतही नाही.

उंची भराभर वाढते तेव्हाच बाकही सगळ्यात वेगाने वाढतो, आणि ब्रेसचा उपयोगही तेवढ्याच काळात. ब्रेस म्हणजे मापाने बनवलेला, दिवसाचे बरेच तास घालायचा कडक साचा. ऑनलाइन मिळणारा, खांदे मागे ओढणारा इलॅस्टिकचा पट्टा नव्हे.