पहिल्या वर्षाचं गणित, ऑनलाइन परीक्षा आणि कोकण

आलेख हलवून दाखवणारं जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर २००१ चं. आयआयटींची मोफत व्याख्यानं २००३ पासूनच्या प्रकल्पातली. कोकणात एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात ही साधनं खऱ्या अर्थाने आली ती २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर.

उलथापालथ झाली २०२० मध्ये. मार्चमध्ये वर्ग बंद पडले. ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत विजेचे खांब आडवे केले. काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. रेंजसाठी पोरं सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर चढत होती. त्याच वर्षी परीक्षा घरून, ऑनलाइन आणि बहुपर्यायी घ्यायचं ठरलं. मुलं केंद्रापर्यंत पोचणार कशी, याला तेव्हा दुसरा इलाज नव्हता, हे खरंच. पण गणितात हा निर्णय महागात पडला.

एक्स शून्याकडे जाताना ‘साइन ३एक्स भागिले एक्स’ याचं लिमिट घ्या, म्हणजे ती किंमत कुठल्या आकड्याच्या जवळ जाते ते. कागदावर वर-खाली ३ ने गुणायचं आणि साइन थीटा बाय थीटाचं लिमिट १ असतं ते वापरायचं. समोर चार पर्याय असले की एक्सच्या जागी ०.०१ टाकायचं, २.९९९५५ येतं, ३ वर टिक. कॅल्क्युलेटर रेडियनऐवजी डिग्रीवर राहिला तर ०.०५२ येतं, आणि ते का, हे विचारायला समोर सर नाहीत. पायऱ्या कुणी पाहिल्याच नाहीत.

दुसरी वाट होती. ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘स्टॅक’ ही मुक्त प्रणाली तेव्हाही जुनीच होती. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली राशी ती तपासते, प्रत्येकाला वेगळे आकडे देऊ शकते, नेहमीची चूक ओळखून सूचनाही देते. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या मुक्त प्रणालीवर चालते, परवान्याचे पैसे पडत नाहीत. वीज नसलेल्या गावात तीही चालली नसती; पण वीज आल्यानंतरही तिचा विचार व्हायला हवा होता.

२०२१ मध्ये बारावीची परीक्षाच रद्द झाली, दहावी-अकरावीच्या गुणांचाही आधार घेऊन निकाल लागले. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. ही तुकडी एफवायला आली तेव्हा कित्येकांनी डेरिव्हेटिव्हचं एकही गणित फळ्यावर सोडवलेलं नव्हतं. मागचं राहिलेलं भरून काढायला त्यांच्यासाठी घेतलेले ब्रिज कोर्सही बरेचसे व्हिडिओ आणि टिकमार्कवरच उरकले गेले.

२०२४-२५ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची श्रेयांक (क्रेडिट) रचना इथल्या संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला लागू झाली. आता फोटो काढला की ॲप पायऱ्यांसकट उत्तर देतं, त्यामुळे घरी सोडवलेल्या वहीवरून मुलाला काय येतं ते कळत नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी शेजारी बसून ‘ही पायरी का?’ विचारणं, यालाच त्यामुळे पुन्हा वजन आलं आहे.