यकृताला वळसा घालणारी शीर: कुत्र्या-मांजरांतील शंटच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

नागपुरात मे महिन्यात चार-पाच महिन्यांचे पिल्लू लाळ गाळत, झोकांड्या खात दवाखान्यात आले की पहिला अंदाज ‘ऊन लागलं’ हाच असतो. बहुतेकदा तो खराही ठरतो. पण पिल्लू खुरटे असेल, जेवणानंतर काही तासांत भिंतीला डोके टेकून उभे राहत असेल आणि रविवारच्या सावजी मटणाचे उरलेसुरले खाल्ल्यावर जास्तच बिथरत असेल, तर जन्मजात शंटची, म्हणजे आतड्यांचे रक्त यकृताला वगळून पुढे नेणाऱ्या शिरेची, शंका घ्यावी. मांजरात नुसती लाळ आणि तांब्याच्या रंगाचे डोळेही पुरेसे बोलके असतात.

मटणाचा हा धागा फार जुना आहे. १८७७ साली निकोलाय एक् या रशियन लष्करी शल्यचिकित्सकाने आठ कुत्र्यांची पोर्टल शीर, म्हणजे आतड्यांचे रक्त यकृताकडे नेणारी शीर, थेट महाशिरेला, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला, जोडली. त्यांतला एकच कुत्रा अडीच महिने जगला, आणि तो पळून गेला! १८९३ मध्ये रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्ह व सहकाऱ्यांना दिसले, की अशा कुत्र्यांना मांस दिले की ती सैरभैर होतात, त्यांना दिसेनासे होते, पुढे बेशुद्धी येते. आतड्यात प्रथिनांपासून तयार होणाऱ्या अमोनियाचा यकृत युरिया करते. यकृत वगळले की तो मेंदूपर्यंत पोचतो. निसर्ग हीच जोडणी जन्मतःच करून ठेवतो, हे कुत्र्यांच्या दवाखान्यांत नीट ओळखले गेले ते मात्र १९७० च्या दशकात.

शीर सापडली तर बांधायची, इतके सोपे ते वाटले होते. यकृताच्या बाहेरचा शंट शोधणे खरोखर फार अवघड नसते. मूत्रपिंडांच्या शिरा आणि यकृत यांच्या दरम्यान महाशिरेला येऊन मिळणारी जाड, खळबळत्या प्रवाहाची शीर दिसली की तीच ती. अवघड आहे ते बांधणे. खुरट्या यकृतातल्या बारीक शिरांना सगळे रक्त एकदम पेलत नाही. आतडी निळी पडतात, पोट पाण्याने भरते, प्राणी दगावतो. म्हणून रेशमी धाग्याची गाठ आवळताना पोर्टल दाब मोजत. निरोगी कुत्र्यात तो साधारण ८ ते १३ सेंमी पाणी असतो. गाठीनंतर होणारी वाढ १० सेंमीपेक्षा जास्त नसावी. त्यामुळे अनेकदा शीर अर्धवट आवळूनच पोट शिवावे लागे.

मग शल्यचिकित्सकांनी घाई सोडली. १९९० च्या दशकात अमेरॉइड कडे आले. बाहेर स्टीलचे वळे, आत दुधातल्या केसीनचा थर. केसीन ओलावा शोषून आत फुगते, भोवती तंतुमय ऊती वाढते आणि काही आठवड्यांत शीर मिटते. कडे महाशिरेला अगदी लागून बसवावे. मागे बसवले तर पुढे मिळणारी उपशीर उघडीच राहते. आणि शीर गरजेपेक्षा जास्त मोकळी करू नये, नाहीतर कड्याच्या वजनाने ती मुडपते आणि जे टाळायचे तेच घडते.

स्वस्त पर्याय सेलोफेनचा. सुमारे १२ मिमी रुंदीच्या पट्टीची तीनपदरी घडी शिरेभोवती गुंडाळून क्लिप लावतात. ती स्वतः आवळत नाही. परक्या वस्तूवर शरीर जी सूज आणते, तीच शीर बंद करते. सेलोफेन म्हणून वापरलेल्या काही पट्ट्या तपासणीत दुसऱ्याच प्लास्टिकच्या निघाल्या आहेत, तेव्हा दुकानातली कुठलीही पारदर्शक फीत चालणार नाही. मोठ्या जातींत शंट सहसा यकृताच्या आत असतो. तिथे मानेच्या शिरेतून कॉइल, म्हणजे शीर बंद करणारी धातूची गुंडाळी, सोडणे अनेकदा बरे पडते.

ऑपरेशन चोख झाले तरी पहिले तीन-चार दिवस झटक्यांची धास्ती असते. लेव्हेटिरासिटाम या झटक्यांवरच्या औषधाने ते टळतात का, यावर एकमत नाही. साखर घसरली आहे का, हे आधी पाहावे. लॅक्टुलोज (आतड्यातला अमोनिया कमी करणारे औषध) आणि बेताच्या प्रथिनांचा आहार लगेच बंद करू नये. दही-पनीर चालते, मटण नाही. मांजराची प्रथिने मात्र फार तोडू नयेत.

तीन महिन्यांनी रक्तातली पित्ताम्ले (यकृताच्या कामाची खूण) चढलेलीच दिसली तर दुसऱ्यांदा पोट उघडण्याआधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरांचे सीटी स्कॅन, करावी. शंट उघडा राहिला असेल तर तो पुन्हा बंद करता येतो. पण पोर्टल दाब वाढल्यामुळे शरीराने स्वतःच बारीक नागमोडी शिरांचे जाळे उघडले असेल, तर त्याला हात लावू नये. दाबाला तेवढीच वाट उरलेली असते.