डीव्हीचा अर्ज: कोण करू शकतं, कागद कोणते लागतात आणि गाडी अडते कुठे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे ‘डीव्ही’ (डोमेस्टिक व्हायोलन्स) म्हणतात. इतकी वर्षं झाली, तरी बायका आजही अर्ज दाखल होण्याआधीच माघारी धाडल्या जातात, आणि तेही कायद्यात नसलेल्या कारणांसाठी.

‘आधी एफआयआर आणा’ हे त्यातलं पहिलं कारण. एफआयआर लागत नाही. कलम 12 चा अर्ज, म्हणजे या कायद्याखाली दाद मागण्याचा मूळ अर्ज, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो: स्वतः, वकिलामार्फत किंवा या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. तुम्ही आज जिथे राहता तिथल्या कोर्टातही चालतो, मग ते माहेर का असेना. पोलिसांत गुन्हा नोंदवणं हा वेगळा मार्ग आहे आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

अर्ज फक्त पत्नीलाच करता येतो असंही नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली स्त्री, या सगळ्यांना तो हक्क आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा संबंध नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीश अहुजा प्रकरणात स्पष्ट केलं की सामायिक घर, म्हणजे जिथे ती स्त्री त्या नात्याने राहते किंवा राहिली ते घर, पतीच्याच मालकीचं असावं लागत नाही.

मुदतीबद्दलचा गैरसमज तर फार नुकसान करतो. ‘घटनेला वर्ष उलटलं, आता काही होणार नाही’ हे वाक्य ऐकून कित्येकजणी घरी बसल्या आहेत. एक वर्षाची मर्यादा कलम 12 च्या अर्जाला लागू नाही, हे ‘कामाची विरुद्ध लक्ष्मी नारायणन’ या 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. अर्थात उशीर झाला असेल तर का झाला, हे अर्जात लिहा.

आता कागद. विवाह नोंदणीचा दाखला अनेकींकडे नसतोच, आणि त्याच्याशिवाय अर्ज होत नाही हे खोटं आहे. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, पतीचं नाव असलेलं रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, यातलं जे असेल ते जोडा. मारहाण झाली असेल तर दवाखान्याचा केसपेपर आणि पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली असेल तर तिची प्रत. स्त्रीधनाची यादी हाताने लिहिलेली चालते. संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल अजून आला नाही म्हणून काम थांबवता येत नाही. 2022 च्या प्रभा त्यागी निकालाने तोही प्रश्न मिटवला आहे. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तिथे कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे ठामपणे सांगा.

अर्ज कमकुवत होतो तो मात्र बहुतेकदा मजकुरामुळे. ‘वारंवार शारीरिक व मानसिक छळ केला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तारीख आठवत नसेल तर सण आठवा, मुलांची परीक्षा आठवा. ‘गौरी-विसर्जनाच्या रात्री स्वयंपाकघरात उलथन्याने डाव्या मनगटावर मारलं, शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या’: असं लिहिलं की साक्षीदारही समोर येतो. पगार काढून घेणं, घरखर्च न देणं हीसुद्धा कायद्याने आर्थिक हिंसाच आहे. ती लिहायची राहून जाते.

मागण्या कलमवार लिहा. पोटगी कलम 20, निवास 19, मुलांचा तात्पुरता ताबा 21, नुकसानभरपाई 22. आणि पोटगीच हवी असली तरी हिंसेपासून संरक्षणासाठी कलम 18 चा आदेश जरूर मागा. कारण आदेश मोडल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगणारं कलम 31 ‘संरक्षण आदेशा’पुरतंच बोलतं. निवासाचा आदेश मोडणाऱ्यालाही तीच शिक्षा हवी, ही दुरुस्ती कधीच व्हायला हवी होती. सासूला किंवा नणंदेला घराबाहेर काढा अशी मागणी करू नका. स्त्रीविरुद्ध तसा आदेश देता येत नाही. वेगळी खोली किंवा भाड्याची रक्कम मागा.

पोटगीसाठी दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं (रजनेश विरुद्ध नेहा, 2020). पतीचा पगार नक्की माहीत नसेल तर ‘माझ्या माहितीप्रमाणे’ लिहा. पण स्वतःची कमाई, शिवणकामाची का असेना, लपवू नका. उलटतपासणीत ती बाहेर आली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. मुदत पाळली नाही तर काय, याबद्दल तो गप्प आहे, आणि बायका तारखांमागून तारखा घेत राहतात. म्हणून मूळ अर्जासोबतच कलम 23 चा अंतरिम अर्ज आणि त्याचं शपथपत्र द्या. तातडी पटली तर कोर्ट एकतर्फी, म्हणजे दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधीच, आदेशही देऊ शकतं.

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. पोटगी थकली तर ती पतीच्या पगारातून थेट द्यायला मालकाला सांगा, असा अर्ज कलम 20(6) खाली करता येतो. आदेश मान्य नसेल तर अपील सत्र न्यायालयात, 30 दिवसांत.