चेहरा काढला, मग भावना गेली कुठे? अमूर्त शिल्पाची थोडी पार्श्वभूमी

अमूर्त शिल्पाचा, म्हणजे माणूस किंवा वस्तू हुबेहूब न दाखवणाऱ्या शिल्पाचा, फोटो कुणी टाकला की खाली दोन कमेंट ठरलेल्या असतात, एक म्हणजे "हे तर कुणीही करेल" आणि दुसरी "यात कसली आलीय भावना, नुसता दगड आहे". पहिलीच्या नादाला मी लागत नाही. दुसरी मात्र इतिहास बघितला तर सपशेल उलटी पडते, कारण गेल्या सव्वाशे वर्षांत माणसांना कुणाच्या जाण्याचं दुःख दगडात नाहीतर धातूत मांडायचं होतं तेव्हा ती पुन्हा पुन्हा याच "थंड" शिल्पाकडे गेलीत.

सुरुवात फ्रेंच शिल्पकार रोदँपासून करावी लागते, आणि गंमत म्हणजे तो अमूर्तवाला नव्हताच. त्याच्या आधी हिशोब सरळ होता, दुःख दाखवायचं तर चेहरा रडवेला, राग असेल तर मूठ आवळलेली. 1891 मध्ये फ्रेंच लेखकांच्या संस्थेने त्याला कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा करायला दिला, मुदत दीड वर्षाची, रोदँने लावली सात वर्षं. आधी त्याने नागडा देह घडवून बघितला, शेवटी सगळ्यावर एक लांबलचक झगा टाकला, म्हणजे हात गायब, पाय गायब, उरला फक्त मागे झुकलेला एक मोठा आकार आणि वर डोकं. 1898 मध्ये तो प्रदर्शनात आला तेव्हा लोकांनी गोणी म्हणून, बर्फाचा बाहुला म्हणून यथेच्छ टिंगल केली, संस्थेने घ्यायला नकार दिला, मग रोदँने पैसे परत केले आणि पुतळा आपल्या घरी नेऊन ठेवला. पॅरिसमध्ये तो ब्राँझमध्ये रस्त्यावर उभा राहिला 1939 मध्ये, तोवर रोदँला जाऊन 22 वर्षं झाली होती. पण त्या पुतळ्याचा सगळा ताठा त्या झुकण्यात आहे, चेहरा नंतर दिसतो.

याच सुमारास जर्मनीत काही विचारवंत वेगळ्या बाजूने तिथेच पोचत होते. रॉबर्ट फिशर नावाच्या माणसाने 1873 मध्ये मांडलं होतं की आपण आकार नुसता डोळ्यांनी बघत नाही, आपल्या अंगाची जाणीव त्यात ओततो, म्हणून कललेला खांब बघितला की आपलाच तोल गेल्यासारखं होतं. थिओडोर लिप्सने ते पुढे नेलं. मला विचाराल तर अमूर्त शिल्पात भावना कशी येते याचं यापेक्षा सोपं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आता शिल्पकार ब्रांकुशी. रोमानियातल्या खेड्यातला, 1904 मध्ये पॅरिसला आला, 1907 मध्ये रोदँकडे मदतनीस म्हणून लागला आणि थोड्याच दिवसांत सोडूनही आला, मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही असं म्हणाला म्हणतात. तेव्हाची पद्धत अशी होती की शिल्पकार मातीत मॉडेल करायचा आणि संगमरवरात ते मदतनीस उतरवायचे. ब्रांकुशी थेट दगडाला भिडला. त्याचं 'चुंबन' हे शिल्प (1907-08) नीट बघा, दोघं एकाच चौकोनी ठोकळ्यातून काढलेली, मधे फटच नाही, हात पट्टीसारखे एकमेकांभोवती, आणि बाजूने बघितलं तर दोघांचे डोळे मिळून एकच डोळा होतो. प्रेमाचा अभिनय कुठेच नाही, दगड दोघांना सुटू देत नाही एवढंच आहे. याचीच एक उभी आवृत्ती पॅरिसच्या माँपार्नासच्या दफनभूमीत आहे, प्रेमभंगातून जीव दिलेल्या एका तरुण मुलीच्या थडग्यावर. आज तिची किंमत अफाट झालीय, वारसांना ती काढून न्यायची होती, पण 2021 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते होऊ दिलं नाही.

नंतर तो अजून गुळगुळीत होत गेला. पक्ष्याचं शिल्प करताना पंख गेले, चोच गेली, पाय गेले, राहिली फक्त वर झेपावणारी एक निमुळती लांब रेघ, चकचकीत ब्राँझची. फोटोग्राफर एडवर्ड स्टायकेनने यातलं एक विकत घेतलं, 1926 मध्ये ते अमेरिकेत पोचलं आणि कस्टम्सवाल्यांनी स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलचं सामान या गटात टाकून 40 टक्के ड्युटी लावली, कारण कलाकृतीला ड्युटी नव्हती आणि हा पक्षी त्यांना पक्षी वाटेना. केस उभी राहिली. कोर्टात विचारणा झाली की जंगलात हे दिसलं असतं तर तुम्ही गोळी झाडली असती का! 1928 मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला, हुबेहूब नसलं तरी ती कलाच, हे सरकारी कागदावर आलं.

आणि हो, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी 1930 च्या दशकात त्याचे असे तीन पक्षी घेतले होते, त्या पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं, ब्रांकुशी त्यासाठी भारतात येऊनही गेला. मंदिर झालंच नाही. काळा आणि पांढरा असे संगमरवरी दोन पक्षी आता ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत आहेत, यावर काय बोलणार.

मंदिर राहून गेलं तरी 1938 मध्ये त्याने रोमानियात तर्गु जिउ या गावी पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांसाठी मोठं स्मारक पूर्ण केलं. 29 मीटरचा खांब, एकावर एक सारखेच मणके, वर टोकाला अर्धाच मणका ठेवलाय म्हणजे खांब संपलाय असं वाटतच नाही. सैनिक नाही, बंदूक नाही, झेंडा नाही.

मग इंग्लंडमध्ये शिल्पकार बार्बरा हेपवर्थने 1932 च्या आसपास दगडाला आरपार भोक पाडलं. ऐकायला किरकोळ वाटतं पण तोवर शिल्प म्हणजे भरीव वस्तू, तिच्या आतली पोकळी हाच विषय करायचा हे नवीन होतं. तिथलाच शिल्पकार हेन्री मूरही लगेच त्याच वाटेने गेला. पुढे ती समुद्राकाठी सेंट आइव्ह्जला राहायला गेली, लाकूड आतून पोखरून कडेपासून कडेपर्यंत तारा ताणायला लागली, आणि तिचं म्हणणं होतं की त्या तारा म्हणजे मी आणि समुद्र, वारा, टेकड्या यांच्यामधला ताण. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड तिचे चाहते होते, 1961 मध्ये विमान अपघातात ते गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या मुख्यालयासमोर त्यांच्या आठवणीत तिचंच शिल्प लागलं, 1964 मध्ये. साडेसहा मीटरच्या आसपास उंच ब्राँझचा पत्रा, वरच्या बाजूला एक गोल भोक. हॅमरशोल्डचा चेहरा त्यात शोधू नका.

भोकाचा सगळ्यात कडक वापर मात्र शिल्पकार ओसिप झादकिनचा. 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचं मधलं शहर साफ झालं, तिथे 1953 मध्ये त्याचा पुतळा बसला, दोन्ही हात आभाळाकडे, आणि काळजाच्या जागी आरपार खिंडार. पूर्ण अमूर्त नाही तो, अर्धवट माणूस आहे, पण बघणारा थांबतो तो खिंडारापाशीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही जणींनी हे प्रकरण सार्वजनिक चौकातून स्वतःच्या घरात आणलं. लुईझ बुर्ज्वा 1938 मध्ये फ्रान्स सोडून न्यूयॉर्कला गेली आणि मागे राहिलेल्या माणसांसाठी लाकडाचे उंच काटकुळे खांब करत बसली, चबुतऱ्याशिवाय थेट जमिनीवर उभे, म्हणजे आपण त्यांच्यामधून चालायचं. एव्हा हेसे, लहानपणी नाझी जर्मनीतून निसटलेली, लेटेक्स (पातळ रबर) आणि फायबरग्लासमध्ये लोंबणारं, सुरकुतलेलं, ओघळणारं काम करायची. 1970 मध्ये 34 व्या वर्षी गेली. ते लेटेक्स आता तपकिरी आणि ठिसूळ झालंय, म्युझियमवाल्यांच्या डोक्याला ताप. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जीने हाताने सुतळीच्या गाठी मारमारून माणसापेक्षा उंच आकार उभे केले, त्यांच्यासमोर थोडी भीती वाटते आणि हात लावावासाही वाटतो.

शेवटचं माया लिनचं, कारण तिथे हा वाद उघड लढला गेला. व्हिएतनाम युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकासाठी 1981 मध्ये स्पर्धा झाली, 1,421 डिझाइन्स आली, निवडलं गेलं 21 वर्षांच्या कॉलेजातल्या मुलीचं, म्हणजे या माया लिनचं. जमिनीत उतरत गेलेल्या दोन काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती, पॉलिश अशी की नाव वाचताना आपलाच चेहरा त्यावर दिसतो, वर 58 हजारांहून जास्त नावं, बाकी काही नाही. लगेच बोंब झाली की ही शरमेची काळी जखम आहे, आम्हाला शूर सैनिक दिसायला हवेत. तडजोड म्हणून 1984 मध्ये जवळच तीन सैनिकांचा हुबेहूब ब्राँझ पुतळा बसवला, तो आजही तिथे आहे आणि चांगलाही आहे. पण पत्रं, बूट, मेडल्स लोक ठेवतात ते भिंतीच्या पायाशी, आणि कागद लावून पेन्सिलीने घासून नाव उतरवून नेतात तेही भिंतीवरूनच.