एका तासात तीन मीटर पाऊस

मागच्या जूनमधे एका संध्याकाळी मोबाईलवर घरच्या वेदर स्टेशनचा आकडा आला, आजचा पाऊस २,८५७ मिलिमीटर. खिडकीतून बघितलं तर रस्ता नुसता ओला, पोरं गल्लीत क्रिकेट खेळत होती, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या मते तासाभरात जवळपास तीन मीटर पाणी आभाळातून पडलेलं. खरंच एवढं पडलं असतं तर पंचगंगेची ४३ फुटांची धोका पातळी बघायला राजाराम बंधाऱ्यावर कुणी उरलंच नसतं. शेजारचे काका रोज विचारतात, "किती पडला रे आज?" त्यांना आकडा सांगितला तर म्हणाले, "तीन मीटर? मग माझी स्कूटर पवत आसंल की खाली."

चूक माझीच होती, पण ती कळायला मला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत बरंच काही शिकलो, म्हणून हे लिहितोय.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पाइपला बांधलेलं एक साधं वेदर स्टेशन आहे. वाऱ्यासाठी फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशेचा बाण, तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर, आणि पावसाचं एक नरसाळं. हे यंत्र दर १६ सेकंदांनी रेडिओवर, ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, आपली सगळी मापं ओरडून सांगतं आणि गप्प बसतं, कुणी ऐकलं का नाही याची त्याला काही पडलेली नसते. सोबत घरात ठेवायचा डिस्प्ले येतो, तो आकडे दाखवतो, पण मागच्या वर्षी ह्याच आठवड्यात किती पडला होता विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं. कोल्हापुरात राहून २०१९ आणि २०२१ चे पूर बघितल्यावर ते उत्तर आपल्याकडे असावं असं वाटायला लागतं. आणि पेपरातला आकडा आपल्या गच्चीचा नसतोच, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्याला शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो, शहरातल्या शहरात पण वळीव एका पेठेत झोडपतो आणि दुसऱ्या पेठेत नुसता वास येतो.

तर हा रेडिओवरचा ओरडा पकडायला टीव्ही बघण्यासाठी बनलेलं एक स्वस्त यूएसबी डोंगल चालतं. आरटीएल-४३३ नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्या डोंगलमधून येणाऱ्या लहरी उलगडतं आणि तापमान इतकं, वारा इतका, असा जेसन नावाच्या ठरावीक साच्यातला मजकूर हातात देतं. दुसऱ्या टोकाला वी-डब्ल्यूएक्स, म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवणारं, आलेख काढणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट. डोंगल वरच्या खोलीतल्या मशीनला, खिडकीपाशी, नोंदवही खालच्या खोलीतल्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर. ह्या दोघांची गाठ घालून द्यायचं काम एमक्यूटीटी करतं.

हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची ठरलेली रीत, १९९९ सालचा, आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर या दोघांनी तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवायला बनवलेला. आडरानातल्या पाइपलाइनवरून सॅटेलाइटने माहिती आणायची, लिंक महाग, मधेच तुटणारी, त्यामुळे मेसेज जितका बारका तितका बरा. आपली गच्ची काय आडरान नाही, पण पावसाळ्यात लाईट आणि वायफायची अवस्था बघितली तर फार फरक नाही.

याची कल्पना तालमीच्या दारातल्या फळ्यासारखी. कुणीतरी येऊन खडूने लिहून जातं, लिहिणाऱ्याला माहीत नसतं कोण वाचणार, वाचणाऱ्याला फिकीर नसते कोणी लिहिलं. ह्या फळ्याला ब्रोकर म्हणायचं (मी मॉस्किटो वापरतो, डास नव्हे, ब्रोकरचं नाव आहे), लिहिणारा तो पब्लिशर, वाचणारा सबस्क्रायबर, आणि फळ्यावर ज्या मथळ्याखाली लिहायचं तो टॉपिक. फरक एवढाच की हा फळा वाचायला जावं लागत नाही, ज्याने नाव नोंदवलंय त्याच्या कानात तोच जाऊन सांगतो.

आता मेसेज किती बारका ते बघा. समजा टॉपिक आहे घर/गच्ची/तापमान, रोमन अक्षरांत टाइप केला तर १८ अक्षरं, आणि मजकूर २४.६, म्हणजे चार अक्षरं. सुरुवातीचं हेडर २ बाइट, टॉपिकची लांबी सांगायला २ बाइट, टॉपिक १८, मजकूर ४. एकूण २६ बाइट, संपलं. खालच्या टीसीपीचं, म्हणजे नेटवर्कवरून मेसेज वाहून नेणाऱ्या पद्धतीचं, ओझं वेगळं, पण एमक्यूटीटीचं स्वतःचं एवढंच. गंमत म्हणजे टॉपिक देवनागरीत लिहिला तरी चालतो, मी करून बघितलं, फक्त आपलं प्रत्येक अक्षर-चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे तोच टॉपिक ४१ बाइटचा होतो आणि अख्खा मेसेज ४९ चा. म्हणजे मराठीपणाची किंमत २३ बाइट. मी मोजली, परवडते.

सुरुवातीला एक रविवार मात्र वाया गेला, वरच्या खोलीतून खालच्या ब्रोकरला कनेक्शनच होईना. नंतर कळलं की मॉस्किटो आवृत्ती २ पासून, काही न सांगता चालू केला तर फक्त स्वतःच्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमशी बोलतो, बाहेरच्यांसाठी दार उघडायला सेटिंगमधे लिसनर लिहावा लागतो, आणि अनोळखी लोकांना मुद्दाम परवानगी दिली नाही तर युजरनेम-पासवर्डही द्यावा लागतो. चांगली सवय आहे खरं तर. आणि ते दारही घरातल्या नेटवर्कपुरतंच ठेवा, राउटरमधून बाहेर उघडू नका.

डेटा यायला लागला, तापमान बरोबर, वारा बरोबर, आणि पहिलाच पाऊस तीन मीटर.

त्यासाठी नरसाळ्याच्या आत बघायला हवं. आत सी-सॉसारखी एक छोटी दोन कप्प्यांची पन्हाळ असते. एका कप्प्यात ठरावीक पाणी साचलं की ती टुक् करून कलंडते, पाणी सांडतं, दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक टुक् ला एक चुंबक स्विचसमोरून जातं आणि आकडा एकाने वाढतो. माझ्या सेन्सरचा एक टुक् म्हणजे ०.२५४ मिलिमीटर, इंचाचा शंभरावा भाग. रात्री शांत असेल तर गच्चीवर उभं राहून तो आवाज ऐकू येतो, पाऊस वाढला की आवाज जवळजवळ यायला लागतात, आईला वाटलं होतं पाल आहे.

सेन्सर जे सांगतो ते म्हणजे सुरुवातीपासून आत्तापर्यंतचे एकूण टुक्. आणि वी-डब्ल्यूएक्सला पावसाच्या रकान्यात हवा असतो मागच्या मेसेजनंतर नवीन पडलेला पाऊस. मी दोघांचं नाव सारखं बघितलं आणि सरळ जोडून दिलं. त्या दिवशी सकाळच्या सरीत ५० टुक् झाले होते, म्हणजे १२.७ मिलिमीटर. संध्याकाळी मी कनेक्शन चालू केलं, तेव्हा पाऊस थांबलेला, पण सेन्सर दर १६ सेकंदांनी "एकूण १२.७" म्हणत राहिला आणि वी-डब्ल्यूएक्स बिचारं दर वेळी "अरे बापरे, आणखी १२.७ पडला" म्हणून बेरीज करत राहिलं. तासात २२५ मेसेज, २२५ गुणिले १२.७, झाले २,८५७ आणि वर अर्धा.

घरातला लाईटचा मीटर आठवा. मीटरवरचा आकडा नुसता वाढत जातो, रीडिंग घेणारा येऊन फोटो काढतो, मागचं रीडिंग वजा करतो, बिल तयार. मी काय केलं, तर दर वेळी मीटरवरचा अख्खा आकडाच बिलात लावला.

वजाबाकी कुठे करायची हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. पहिल्यांदा मी शहाणपणा करून वरच्या खोलीतच वजाबाकी केली आणि एमक्यूटीटीवर फक्त "नवीन पाऊस" पाठवायला लागलो. दोन दिवसांनी काका म्हणाले, त्यांच्या बाटलीपेक्षा माझा आकडा खूपच कमी. (काका निवृत्त मास्तर, त्यांच्याकडे काचेचं साधं पर्जन्यमापक आहे आणि २०० पानी वही.) झालं असं होतं की रात्री लाईट गेली, खालचा रास्पबेरी पाय बंद पडला, वरचं मशीन इन्व्हर्टरवर चालूच, आणि त्या वेळात पडलेल्या पावसाचे मेसेज हवेत विरले. ते तुकडे परत मिळायची सोयच नव्हती. हेच जर एकूण आकडा पाठवला असता आणि खाली मागचं रीडिंग लिहून ठेवलेलं असतं तर मधले हजार मेसेज हरवले तरी लाईट आल्यावर पहिल्याच मेसेजमधे सगळा हिशोब भरून निघाला असता, कधी पडला ते कळलं नसतं पण किती पडला ते बरोबर कळलं असतं. रीडिंगवाला एक महिना आला नाही म्हणून युनिट बुडत नाहीत, तसंच.

उलट्या बाजूनेही तेच. एमक्यूटीटीमधे मेसेज पोचवायच्या तीन पातळ्या आहेत, त्याला क्यूओएस म्हणतात. ० म्हणजे फेकून दिला, पोचला तर पोचला. १ म्हणजे पोच मिळेपर्यंत मेसेज जपून ठेवणार, गरज पडली तर पुन्हा पाठवणार, त्यामुळे एकदा तरी पोचेल पण दोनदाही पोचू शकतो. २ म्हणजे चार वेळा देवाणघेवाण करून बरोबर एकदाच. शिवाय बरेच रेडिओ सेन्सर तर तेच पॅकेट लागोपाठ दोन-तीनदा फेकतात, एखादं तरी ऐकू जावं म्हणून. "नवीन ०.२५४" दोनदा आलं की पाऊस दुप्पट. "एकूण १२.७" दहादा आलं तरी फरक शून्य. म्हणून वाटेत एकूणच पाठवायचा आणि वजाबाकी शेवटी, नोंदवहीच्या दारात. वी-डब्ल्यूएक्ससाठी एमक्यूटीटी-सबस्क्राइब नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्यात त्या रकान्यासमोर "हा एकूण आकडा आहे" अशी एक ओळ लिहिली की वजाबाकी तेच करतं. बॅटरी बदलली की सेन्सरचा आकडा शून्यावर येतो, तेव्हा वजाबाकी उणे येते, तीही सोडून द्यायची असते.

एवढं झाल्यावर वाटलं सुटलो. पण पुढचे दोन घोटाळे रांगेत उभे होते. एक, वी-डब्ल्यूएक्समधे मेट्रिकचे दोन प्रकार आहेत, साध्या मेट्रिकमधे पाऊस सेंटिमीटरमधे आणि मेट्रिक-डब्ल्यूएक्समधे मिलिमीटरमधे. मी पहिलं निवडलेलं, पाऊस दहापट. दोन, हवेचा दाब. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे उघडा, म्हणजे जागेवर मोजलेला, दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि हवामानाच्या बातम्यांत जो दाब सांगतात तो समुद्रसपाटीला आणलेला, आपल्याकडे साधारण ६० ने जास्त. दोन्हींचे रकाने वेगळे आहेत. उघडा आकडा चुकून समुद्रसपाटीच्या रकान्यात टाकला तर आलेखात रंकाळ्यावर बारमाही तगडं चक्रीवादळ दिसतं.

वेळेचा घोटाळा माझा झाला नाही पण मित्राचा झाला. त्याचा सेन्सर भारतीय वेळ पाठवायचा आणि सॉफ्टवेअर ती ग्रीनिचची समजून त्यात साडेपाच तास मिळवायचं, त्यामुळे त्याच्याकडे मे महिन्यात दुपारी तीनचं ऊन रात्री साडेआठला पडायचं.

फळ्याच्या दोन सोयी मात्र लाजवाब. पहिली रिटेन, म्हणजे शेवटचं लिहिलेलं पुसायचं नाही, नवीन येणाऱ्याला लगेच दिसतं. पण ही सोय मापांना लावू नका, लाईट आल्यावर वी-डब्ल्यूएक्सने तीन तासांपूर्वीचं तापमान ताजं समजून लिहून ठेवलं होतं माझ्याकडे. दुसरी सोय म्हणजे मृत्युपत्र. खरंच तेच नाव आहे त्याचं. पब्लिशर ब्रोकरला आधीच सांगून ठेवतो, मी न सांगता गेलो तर ह्या टॉपिकवर "वरचं मशीन बंद" असं लिही. हजेरीची वेळ ६० सेकंद ठेवली तर ब्रोकर दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट बघतो आणि मृत्युपत्र वाचून दाखवतो. हे मात्र रिटेनसकट ठेवायचं.

आता आकडे जुळतात का? जवळपास. एका दिवशी माझे १४९ टुक्, म्हणजे ३७.८ मिलिमीटर, आणि काकांच्या बाटलीत ४१. मुसळधार पावसात पन्हाळ कलंडत असताना वरून पडणारं थोडं पाणी मोजलंच जात नाही, त्यामुळे ह्या जातीची यंत्रं जोराच्या पावसात कमीच सांगतात. पेपराशी तुलना करताना अजून एक गोष्ट, हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, माझं सॉफ्टवेअर रात्री बारा ते बारा. काका पूर्वीपासून साडेआठलाच मोजतात.

काकांचा आकडाही आता त्याच ब्रोकरवर येतो. मोबाईलवर एक साधं एमक्यूटीटी ॲप टाकून दिलंय, ते रोज सकाळी बाटली बघतात, वहीत लिहितात, आकडा पाठवतात आणि पाणी कुंडीत ओततात. मला सेन्सरच्या किंवा वी-डब्ल्यूएक्सच्या बाजूला एक ओळही बदलावी लागली नाही, फक्त घर/काका/पाऊस हा नवीन टॉपिक. पण काका पाणी ओतून टाकतात, म्हणजे त्यांचा आकडा एकूण नाही, नवीन आहे, हरवला की गेला आणि दोनदा आला की दुप्पट. त्यामुळे अख्ख्या घरात त्या एकाच टॉपिकला क्यूओएस २ ठेवलाय, आणि सोबत तारीख पण पाठवतात, कारण मागच्या आठवड्यात ते जोतिबाला गेले होते आणि दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं, आणि मला फोन करून विचारलं, "ह्यातलं रविवारचं किती आणि सोमवारचं किती, तुझा कॉम्प्युटर बघून सांग की जरा."