नाशिकचा घरगुती सामिष स्वयंपाक

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात घरच्या चुलीवर किंवा गॅसवर मटण, कोंबडी, अंडी, सुकी मासळी व गोड्या पाण्यातील मासे यांचे जे पदार्थ नेहमी केले जातात, त्यांची ही नोंद आहे. लग्नकार्य, जत्रा आणि खानावळी यांच्या स्वयंपाकाची रीत निराळी असल्यामुळे तिचा येथे विचार केलेला नाही. थोड्या मांसात सगळ्या घराला जेवू घालणारा रस्सा हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय. अर्धा किलो मटणात सहा माणसे पोटभर जेवतात, ती भाकरी चुरून खाण्याजोग्या दाट रश्शावर. प्रत्येकाच्या ताटात तुकडे दोन-तीनच येतात, पण हाडांचा अर्क, वाटण आणि मसाला यांची चव शेवटच्या घासापर्यंत पुरते. या स्वयंपाकातली खरी काटकसर म्हणूनच मटणाच्या दुकानात होत नाही, ती घरी वाटण करताना होते.

जिल्ह्याच्या भूगोलाचा या रीतीवर स्पष्ट ठसा आहे. पूर्वेकडचे येवला, नांदगाव, सिन्नर हे तालुके कमी पावसाचे व बाजरीचे, तर पश्चिमेकडचे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे भरपूर पावसाचे, भाताचे आणि नागलीचे (नाचणीचे). समुद्र कसारा घाटाच्या खाली राहतो. मुंबई सुमारे १७० किमी. अंतरावर असल्यामुळे बर्फाची सोय होण्यापूर्वी ताजी समुद्री मासळी येथे रोजच्या जेवणात येणे शक्य नव्हते. घाट चढून आली ती वाळवलेली मासळी. नारळाचेही तसेच आहे. कोकणात ओले खोबरे वाटतात, देशावर सुके खोबरे भाजतात, कारण ते टिकते आणि वाणसामानाच्या दुकानात बारा महिने मिळते. कांदा मात्र घरचाच. निफाड तालुक्यातील लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी देशभर ओळखली जाते आणि लासलगावच्या कांद्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. स्वस्त, साठवणीचा आणि गोडसर असा कांदा हाताशी असल्यावर रश्शाचा दाटपणा त्यावर सोपवला जाणे स्वाभाविक होते.

वाटण आणि काळा मसाला : अर्धा किलो मटणाला दोन मोठे कांदे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे तुकडे, लसणाचा एक गड्डा, बोटभर आले आणि मूठभर कोथिंबीर असे साधारण प्रमाण घेतात. कांदा सालीसकट निखाऱ्यात पुरतात किंवा गॅसवर जाळी ठेवून भाजतात. वरची साल पूर्ण काळी होऊन आतला गर मऊ व पारदर्शक झाला म्हणजे तो भाजला गेला. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट ज्योतीवर धरतात; तिच्यातील तेल सुटू लागते, कडा पेट घेते, ती लगेच फुंकून विझवायची आणि वाटी फिरवत राहायची. या एका कृतीवर रश्शाचा रंग आणि वास ठरतो. खोबरे नुसते तांबूस राहिले तर रस्सा पांढुरका व मवाळ होतो, आणि आतपर्यंत कोळसा झाले तर कडवटपणा उतरतो, जो नंतर कोणत्याही मसाल्याने झाकता येत नाही. बाहेरून काळे व आतून तपकिरी ही खूण घरातल्या जाणत्या बाया नवशिक्यांना दाखवतात. पुढे हे सारे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये, पाण्याचा हात लावत, गंधासारखे बारीक वाटायचे असते. जाडेभरडे वाटण रश्शात मिळून येत नाही, तळाशी बसते.

माणसे वाढली की वाटणात मूठभर फुटाण्याचे डाळे किंवा भाजलेले शेंगदाणे घालतात. काही घरांत चमचाभर बाजरीचे पीठ भाजून लावतात. ही भेसळ नव्हे. डाळ्याने रस्सा दाट होतो, भाकरीला चिकटून राहतो आणि पोटाला आधारही होतो. प्रमाण चुकले तर मात्र पिठल्याची चव येते, म्हणून मूठभरावर कोणी जात नाही.

काळा मसाला वर्षाचा एकदाच, उन्हाळ्यात, करून ठेवतात. धने, सुक्या लाल मिरच्या, सुके खोबरे, खसखस, तीळ, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, चक्रीफूल, नागकेशर, तमालपत्र, दगडफूल, हिंग आणि हळद हे त्याचे नेहमीचे घटक होत; काही घरांत वाळवलेला कांदाही असतो. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, थोड्या तेलावर गडद रंग येईपर्यंत भाजून मग कांडपाला नेतात. एकत्र भाजले तर खसखस करपते आणि धने कच्चे राहतात. हा मसाला बरणीत दाबून भरलेला असला की आठवड्याच्या रश्शाचा निम्मा खर्च आधीच झालेला असतो, आणि अचानक पाहुणे आले तरी बाजारात धावावे लागत नाही.

मटण : महाराष्ट्रात मटण म्हणजे प्रामुख्याने बोकडाचे मांस. नाशिक, अहिल्यानगर व पुणे या जिल्ह्यांत आढळणारी संगमनेरी शेळी ही या भागातील परिचित जात आहे. दुकानात घरगुती गिऱ्हाईक बहुधा ‘मिक्स’ मागते, म्हणजे रान (मांडी), सीना (छाती), चाप (बरगड्या) आणि गर्दन (मान) यांचे एकत्र तुकडे, वर एखादी नळी. रश्शासाठी केवळ मऊ, बिनहाडाचे मांस घेणे महागही पडते आणि निरर्थकही. सीना आणि गर्दन यांत हाड व स्नायुबंध अधिक असतात. त्यांतील कोलॅजेन हे प्रथिन ओल्या उष्णतेत सावकाश शिजले की त्याचे जिलेटिन बनते आणि त्यानेच रश्शाला अंग येते. चवीला उत्तम आणि दराने कमी असे भाग म्हणजे मुंडी (डोके), पाय आणि वजडी (पोट व आतडी). पाय जाळून, खरवडून स्वच्छ करतात व मंद आचेवर कित्येक तास उकळतात. वजडी गरम पाण्यात घालून खरडून, चुना किंवा हळद लावून पुन्हा पुन्हा धुवावी लागते. या भागांना पैसे कमी आणि श्रम जास्त लागतात, आणि हे श्रम बहुतेक घरांत एकट्या बाईच्या वाट्याला येतात, हे स्वस्ताईचा हिशेब मांडताना विसरले जाऊ नये. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात कामगारवस्तीत म्हशीवर्गीय मांसही खाल्ले जाते. राज्यात २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी असली, तरी म्हैसवर्ग त्या बंदीत येत नाही.

शिजवण्याची जुनी रीत अशी आहे : मटणाला हळद, मीठ व आले-लसूण चोळून थोड्या तेलावर परततात आणि पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओततात. मांस स्वतःच्या पाण्यात शिजू लागते व ताटलीतले पाणी वाफेने तापते. तेच गरम पाणी लागेल तसे खाली घालतात. गार पाणी घातले तर उकळी मोडते, मांस आखडते आणि शिजायला वेळ लागतो, असा घराघरांतला अनुभव आहे. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते, त्यामुळे तासाभराचे काम वीस-पंचवीस मिनिटांत होते. गॅसची बचत मोठी असली, तरी शिट्ट्यांची संख्या बोकडाच्या वयावर ठरवावी लागते. कोवळे मटण चार शिट्ट्यांत होते, जून मटणाला आठही लागतात.

मटण शिजले की जे पिवळसर पाणी उरते ते अळणी. त्यात मिरची-मसाला नसतो. त्यातले वाटीभर पाणी लहान मुलांना, आजाऱ्याला व बाळंतिणीला प्यायला काढून ठेवतात. मग दुसऱ्या पातेल्यात तेल तापवून वाटण घालतात आणि ते बाजूने तेल सोडेपर्यंत परततात. काळा मसाला व तिखट घालून, करपू नये म्हणून लगेच अळणीचा शिपका देतात. शेवटी मटण आणि उरलेले अळणी ओतून मंद उकळी येऊ देतात. वर जो लाल-काळा तवंग येतो, ती तर्री. ती आधी काढून ठेवून ज्याला तिखट हवे त्याच्या ताटात वाढण्याची सोय करतात, त्यामुळे एकाच पातेल्यात मुलांचे आणि मोठ्यांचेही भागते. सोबत बाजरीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबू. पश्चिम भागात नागलीची भाकरी किंवा भात.

कोंबडी आणि अंडी : ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते आणि तिचा दर मटणाच्या मानाने बराच कमी असतो, म्हणून रविवारच्या बेताला बहुतेक घरांत तीच येते. तिचे मांस लवकर शिजते. तिला वाटण पूर्ण परतून झाल्यावरच घालावे, नाहीतर तुकडे फुटतात आणि मसाला कच्चा राहतो. गावरान कोंबडी महाग, चिवट आणि चवीला वरचढ. तिला मटणाचीच रीत लागू पडते.

अंडी हा सर्वांत स्वस्त आणि कमी वेळाचा मार्ग होय. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. उकडलेल्या अंड्यांच्या रश्शापेक्षा येथे अधिक मनापासून केला जाणारा प्रकार म्हणजे फोडून सोडलेली अंडी : वाटणाचा रस्सा मंद उकळत असताना अंडे वाटीत फोडून कडेने अलगद सोडायचे, डाव घालायचा नाही, झाकण ठेवून पाच-सात मिनिटे थांबायचे. अंडे रश्शातच बांधले जाते आणि पांढऱ्या भागाच्या सुरकुत्यांत मसाला भरतो. अंडी उकडण्याचा गॅसही वाचतो.

सुकी मासळी : नाशिकच्या गरीब व मध्यम घरांत समुद्राची चव पिढ्यान्‌पिढ्या सुक्या मासळीतूनच पोहोचली. वसई, अर्नाळा, सातपाटी या किनाऱ्यावरच्या गावांत बोंबील बांबूच्या वलांड्यांवर टांगून उन्हात वाळवतात. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, महाग असल्याने क्वचित घेतात. आठवडी बाजारात सुकट मापाने व बोंबील वजनाने किंवा जुडीने मिळतात. घेताना मूठभर सुकट हातात दाबून पाहावी : चांगली सुकट कुरकुरीत, गुलाबीसर असते आणि हाताला ओल लागत नाही, ओलसर, पिवळट आणि अमोनियासारखा उग्र वास येणारी घेऊ नये.

सुकट शिजवायला दहा मिनिटे लागतात, पण निवडायला तितकीच अधिक. ताटात पसरून खडे, शिंपल्यांचे कण आणि मोठ्या मिशा काढतात, मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजतात, दोन्ही हातांनी हलके चोळून पाखडतात आणि शेवटी पाण्यातून दोनदा काढतात. वाळू पाण्यात तळाशी बसते म्हणून सुकट वरच्यावर उचलून घ्यायची, पाणी ओतून द्यायचे नाही. भरपूर कांदा, ठेचलेला लसूण व हिरवी मिरची तेलावर परतून त्यात ही सुकट घातली की चटणी तयार होते. वाटीभर सुकटीत चार माणसे भाकरी खातात. बोंबलाचे डोके व शेपटी काढून, तुकडे तव्यावर भाजून, गरम पाण्यात पाच मिनिटे भिजवून ते वांगी किंवा बटाट्याबरोबर रश्शात सोडतात. वांगे बोंबलाचा खारटपणा शोषून घेते, म्हणून मीठ शेवटी चाखून घालावे. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी मासळी महागते आणि पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच भरून ठेवलेले सुकटीचे डबे उघडतात. सुकटीला पुन्हा एकदा कडक ऊन दाखवून ती घट्ट झाकणाच्या डब्यांत भरलेली असावी.

ताजे मासे : गंगापूर, दारणा, गिरणा यांसारख्या जलाशयांतून रोहू, कटला, मृगळ, मरळ आणि चिलापी हे मासे बाजारात येतात व ते समुद्री पापलेट-सुरमईपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात, म्हणून लहान मुलांसाठी मरळ किंवा चिलापी बरी. माशाचे डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल आणि अंग बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारे असावे. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो. मीठ, हळद व चिंचेचा कोळ लावून पंधरा मिनिटे ठेवून धुतल्यास तो बराच जातो. पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर पावसाच्या सुरुवातीला ओढ्यांतून चढणीचे (प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे आणि खडकांतले खेकडे धरतात. खेकड्यांच्या नांग्या ठेचून, गाळून काढलेला रस उकळला की त्याचाच रस्सा होतो, वेगळे दाटवण फारसे लागत नाही.

वार, सण आणि साठवण : बुधवार, शुक्रवार व रविवार हे अनेक हिंदू घरांत सामिषाचे वार, सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी वर्ज्य. आषाढात आखाडाच्या निमित्ताने जावई-लेकींना जेवायला बोलावतात आणि श्रावण लागण्यापूर्वीच्या अमावास्येच्या आसपास मटणाला सर्वाधिक मागणी असते. दर वाढलेले असताना अर्धा किलोतच निभावणाऱ्या घरी त्या दिवशी डाळ्याची मूठ थोडी मोठी होते, किंवा रश्शात बटाटे पडतात.

नाशिकच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, तेव्हा कच्चे मांस आणल्याबरोबर धुऊन शिजवावे. ठेवायचेच झाले तर हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये, तेही ५ अंशांच्या आत. फ्रिज नसलेल्या घरांत उरलेला रस्सा रात्री खळखळून उकळून, डाव न घालता झाकून ठेवतात आणि सकाळी पुन्हा उकळतात. थंडीत हे चालते, उन्हाळ्यात व दमट पावसाळ्यात टाळावे. सकाळपर्यंत वाटण मुरलेले असते आणि तुकडे बहुधा संपलेले असतात. त्या रश्शात रात्रीची बाजरीची भाकरी कुस्करून, वर कच्चा कांदा व थोडे तेल घालून केलेली न्याहारी अनेकांना आदल्या रात्रीच्या जेवणापेक्षा अधिक आवडते.